पाच ऑगस्ट

काटा नव्वदच्या किंचित खाली थांबला. किंचित म्हणजे दोन रेघांमधल्या जागेचा दहावा भाग. भार्गवीने डोळा काट्याच्या बरोबर समोर आणला, तबकडीतल्या आरशाच्या पट्टीवर काट्याचं प्रतिबिंब काट्यामागे पूर्ण लपलं आहे याची खात्री केली आणि मगच वहीत लिहिलं : ८९.९. कॉम्प्युटरच्या हिशेबाप्रमाणे तिथे शंभर यायला हवे होते. किरणांचा मापक परवाच मुंबईहून तपासणी होऊन आला होता. गेल्या सप्टेंबरात पाठवलेला, रांगेत अडकून आठ महिन्यांनी परतलेला; मधल्या काळात इथे मोजणी झालीच नव्हती. प्रवासात त्याला धक्का बसला असेल, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर घेणं रास्त होतं. तिने पाण्याचं तापमान पुन्हा वाचलं, हवेचा दाब पुन्हा वाचला, वायर काढून पुसून पुन्हा बसवली आणि जाड दाराबाहेर बसलेल्या दीपमालाला मशीन आणखी एक मिनिट चालवायला सांगितलं. दीपमालाने घंटी वाजवली, दार लावलं, दिवा लाल झाला, हिरवा झाला. ८९.९. तिसऱ्या वेळी ८९.८. दीपमालाने विचारलं, मॅडम, चहा सांगू का? भार्गवी नको म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता, आणि तो नेहमीसारखा आला याचंच तिला नंतर नवल वाटलं, कारण तोवर तिची नजर टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे गेली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती पाच ऑगस्ट एकोणीसशे शहाण्णव. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकोणतीस मे सत्त्याण्णव होती.

दोन तारखांमध्ये दोनशे सत्त्याण्णव दिवस. तिने वहीचं मागचं पान उघडलं. मशीनमधला किरण देणारा कोबाल्टचा तुकडा आपोआप थकत जातो, महिन्याला सुमारे एक टक्का. त्याला कोणी थांबवू शकत नाही आणि कोणी घाईही करू शकत नाही. म्हणून तर दर महिन्याला रुग्णांची मिनिटं थोडी थोडी वाढवावी लागतात, थकलेल्या दिव्याखाली जास्त वेळ बसावं तशी. दोनशे सत्त्याण्णव दिवसांची घट तिने हाताने काढली, लॉगच्या पुस्तकातून, बीएस्सीला काढायची तशी. उत्तर आलं एकोणनव्वद पूर्णांक नऊ. आकडे जुळले. आयुष्यभर आकडे जुळले की तिला छातीत एक हलकी जागा झाल्यासारखं वाटायचं. या वेळी दशांशापर्यंत जुळलेल्या त्या आकड्याकडे पाहताना तिच्या बोटांची टोकं गार पडली. मापक बरोबर होता. मशीन बरोबर होतं. कोबाल्टने आपलं काम चोख केलं होतं.

त्या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. सोमवार, नऊ जून. वरच्या मजल्यावर तपासणीचा दिवस असल्यामुळे जिन्यावरून चपलांचे आवाज येत होते आणि तळघरातल्या आपल्या छोट्या खोलीत भार्गवी रुग्णांची कार्डं चाळत असल्यासारखी बसली होती. अकरा दिवसांत तिने एक गोष्ट केली होती आणि एक केली नव्हती. तीस मेला सकाळी तिने दीपमालाला सांगितलं होतं की कॉम्प्युटर काही दिवस वापरायचा नाही, मिनिटं मी हाताने काढून देईन. ज्यांची लाईट चालू होती त्यांची मिनिटं त्या दिवसापासून बरोबर झाली. लाईट हा किरणोपचारासाठी इथल्या लोकांचा शब्द. कागदावर त्याला मोठी नावं आहेत, पण जतहून, कवठ्याहून, आटपाडीहून येणारी माणसं विचारतात, बाई, अजून किती लाईट राहिल्यात? युनिटच्या डॉक्टर सुमंत सरांनी परत हाताने का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, जरा तपासून बघतेय. हे खोटं नव्हतं. आपण बोललेलं वाक्य खोटं नाही एवढं पाहण्याची तिला सवय होती. त्या वाक्याच्या आड काय उभं आहे ते पाहण्याची नव्हती.

गेल्या जुलैत पुण्याच्या परिषदेत तिला तीन फ्लॉपींचं एक निळं पाकीट मिळालं होतं. मुंबईच्या एका कंपनीने लाईटची मिनिटं काढणारा नवा प्रोग्राम काढला होता आणि लहान गावांतल्या निवडक युनिटांना एकेक प्रत फुकट द्यायची ठरवली होती. स्टॉलवरच्या मुलीने कार्ड भरून घेतलं, युनिटचं नाव, मशीनचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, आणि हसून म्हणाली होती की आता दर महिन्याचं कोष्टक विसरा मॅडम, हा आजची तारीख बघून स्वतःच घट काढतो. भार्गवीने पाकीट पर्समध्ये न ठेवता हातात धरून सांगलीपर्यंतचा एसटीचा प्रवास केला होता. उन्हाने फ्लॉपी खराब होऊ नये म्हणून ती सावलीच्या बाजूला बसली होती. पडद्यावर आलेला वीस आकडी क्रमांक मुंबईला फोनवर सांगायचा आणि तिकडून मिळालेला आकडा भरायचा, की प्रोग्राम सुरू. हॉस्पिटलच्या फोनवर बाहेरगावचा नंबर लागत नसे. ती समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेली. मागे दोन माणसं उभी, काचेवर लाल आकडे पळताहेत, आणि ती एकेक अंक स्पष्ट म्हणत होती, सात, सात, शून्य, चार. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने तिच्याकडून प्रत्येक अंक पुन्हा वदवून घेतला आणि शेवटी आपला आकडा सांगून म्हणाला, साठ दिवस वापरा, आवडला तर कळवा. तिने आकडा कागदावर लिहिला आणि कागद हरवला तर म्हणून तळहातावरही लिहिला. रस्ता ओलांडताना ती मूठ मिटून चालत होती. खोलीत येऊन आकडा भरला आणि पडद्यावर तिचं नाव उमटलं, युनिटच्या नावाखाली, इंग्रजीत. सुमंत सरांनी पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचं कोष्टक उतरवलं. नऊ वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला ती ते लाल शाईने नव्याने लिहीत असे. ते उतरवल्यावर भिंतीवर एक फिका चौकोन राहिला, आणि तिने तिथे कॅलेंडर लावलं.

साठ दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपले. पूर्ण प्रत घ्यायची तर ट्रस्टींची मंजुरी हवी, आणि सुमंत सर बघू, पुढच्या मीटिंगला ठेवतो, असं म्हणत राहिले. दोन ऑक्टोबरच्या सुट्टीला ती साताऱ्याला गेली होती. तिचा धाकटा भाऊ शौनक तिथे पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवत असे. जेवताना तिने सहज विषय काढला तेव्हा तो ताक पिता पिता हसला. "ताई, तारीख मागे घे ना. आमच्या क्लासात दहा मशीनवर अजून मागच्या वर्षीची दिवाळी चालू आहे. फटाके तेवढे आणायचे राहिलेत." सगळे असंच करतात, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं, साताऱ्यात, सांगलीत, बहुधा सगळीकडे, फुकट आलेल्या प्रती अशाच जुन्या तारखांत जिवंत ठेवलेल्या होत्या. तीन ऑक्टोबरला सकाळी तिने मशीन सुरू केलं आणि तारखेच्या जागी पाच ऑगस्ट लिहिली. प्रोग्राम विनातक्रार उघडला. अठ्ठावन्न दिवस शिल्लक, असं त्याने सांगितलं. मग रोज सकाळी पर्स खुंटीला लावली की पहिलं काम तेच. रोज पाच ऑगस्ट. मिनिटांचा कागद छापून निघाला की तळाशी ती तारीख यायची, म्हणून ती पट्टी लावून तेवढी कड फाडायची आणि खरी तारीख हाताने लिहायची. दीपमालाने एकदा विचारलंही होतं, मॅडम, एवढा चांगला कागद खालून का कातरताय? फाईलमध्ये मावत नाही, असं ती म्हणाली होती.

यात सर्वांत भयाण गोष्ट ही होती की तिला माहीत होतं. प्रोग्राम तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळातून घेतो हे पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर होतं, आणि त्या ओळीखाली तिनेच पेन्सिलीने रेघ मारलेली होती. तारीख खोटी आहे हे तिला रोज सकाळी माहीत होतं. कोबाल्ट तारखेबरोबर थकतो हे तिला झोपेतही माहीत होतं. ही तीन माहितीची टोकं आठ महिने तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिली, एका जिन्यावरच्या तीन बिऱ्हाडांसारखी, आणि एकदाही एकमेकांशी बोलली नाहीत. हे कसं झालं असेल, याचा विचार ती भाजी चिरताना, बसच्या थांब्यावर, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत करत असे. निष्काळजी माणसाच्या हातून चूक होते, असं ती समजत आली होती. आपण निष्काळजी नाही. आपण कड पट्टी लावून फाडली.

वडील असते तर त्यांना सांगता आलं असतं का? विष्णुपंत साताऱ्याच्या शाळेत शास्त्र शिकवत आणि अंगणात पांढऱ्या पेटीत टांगलेल्या दोन तापमापकांची नोंद रोज सकाळी साडेआठला ठेवत. कोणी सांगितलं म्हणून नाही, आवड म्हणून, अडतीस वर्षं. ती सातवीत असताना ते तीन दिवस फलटणला लग्नाला गेले आणि वही तिच्यावर सोपवून गेले. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर अजिंक्यताऱ्यावर गेली आणि विसरली. संध्याकाळी आठवल्यावर तिने आदल्या दिवशीचा आकडा पाहिला, आकाश पाहिलं, आणि कमाल तापमान लिहिलं छत्तीस पूर्णांक दोन. बाबांनी परतल्यावर पान पाहिलं, मान हलवली, शाबास म्हणाले. पुढे पंधरा दिवस ती वहीच्या कपाटाजवळून जाताना श्वास धरून जायची. सोळाव्या दिवशी विसरली. छत्तीस पूर्णांक दोन तिथे अजून आहे, बाबांच्या नीटस आकड्यांमध्ये, आणि त्याने कोणाचंच काही बिघडलं नाही. आता या अकरा दिवसांत तिच्या लक्षात आलं होतं की आपण तीच वाट पाहतो आहोत. पंधरा दिवस जातील. कपाटाजवळून श्वास न धरता जाता येईल.

पण ही भीती त्या भीतीसारखी विरत नव्हती. ती सकाळी उठण्याआधी उठलेली असे. फोन वाजला की भार्गवी हातातलं काम थांबवून कान देत असे. कोणी तिचं नाव घेऊन हाक मारली की तिला वाटे, कळलं. वर्तमानपत्रात छापलेलं स्वतःचं नाव तिला दिसे, पडद्यावर उमटलं होतं तसंच, युनिटच्या नावाखाली. नोकरी जाईल, चौकशी होईल, हे सगळं ती ओळीने मांडू शकत होती आणि ते मांडून झाल्यावरही भीती तेवढीच शिल्लक राहत होती. म्हणजे ती भीती त्याची नव्हती. चौथ्या दिवशी तिने तीन ऑक्टोबरनंतर लाईट पूर्ण झालेल्या सगळ्यांची यादी केली. एकशे अठरा नावं. नावापुढे गाव, गावापुढे किती टक्के कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले लोक दोन-तीन टक्क्यांत होते. तेवढा फरक शरीर सोसतं, असं पुस्तकं म्हणतात, आणि त्या नावांवरून तिची नजर जरा सैल होऊन खाली यायची. फेब्रुवारीनंतरची एक्केचाळीस नावं सहा टक्क्यांच्या पुढे होती. त्यातली शेवटची नऊ महिन्याभरातलीच. त्या नऊंना राहिलेली लाईट अजून देता येण्यासारखी होती. उशीर झाला की मात्र त्या लाईटचा उपयोग रोज थोडा थोडा कमी होत जातो, कारण मधल्या काळात गाठ आपलं काम करत असते. हे सुमंत सर दरवर्षी नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. भार्गवी त्या वेळी मागे उभी राहून पारदर्शिका बदलते. तिने हिशेब केला नाही, पण तो तिच्या आत झाला : आपले अकरा दिवस त्या नऊ जणांच्या अंगातून जाताहेत.

आणि कोणाला संशय येण्यासारखंही काही नव्हतं. उलटच. लाईट लागलेल्या जागची कातडी काळवंडते, सोलते, आग होते. हिवाळ्यापासून या तक्रारी कमी झाल्या होत्या. सुमंत सरांनी ते फेब्रुवारीतच टिपलं होतं. पन्नाशीचा, हुशार, घाईत असलेला माणूस. तो खूश झाला की खिशातलं पेन बोटांत फिरवत असे. नव्या प्रोग्राममुळे मिनिटं अचूक झाली, म्हणून त्रास घटला, असं त्यांचं मत होतं, आणि दिवाळीनंतरच्या परिषदेत ते यावर बोलणार होते. तिच्याकडे त्यांनी आकडे मागितले होते. तिने ते दिले होते, मार्चमध्ये, तक्ता करून, स्वच्छ. त्या तक्त्याच्या वेळीही डोक्यातली ती तीन बिऱ्हाडं एकमेकांशी बोलली नव्हती.

साडेअकराला दीपमाला खाली आली आणि म्हणाली की सरांनी बोलावलंय, बनाबाईचं कार्ड घेऊन. यादीतलं शेवटून तिसरं नाव. बनाबाई, आटपाडी, गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ, लाईट चौदा एप्रिल ते चोवीस मे, साडेनऊ टक्के कमी. कार्ड शोधावं लागलं नाही. जिना चढताना भार्गवीने कठडा धरला, आणि धरल्यावर तिला वाटलं की आपण म्हातारी होऊ तेव्हा हा जिना असाच चढू, कोणालाही काही न सांगता, एकेक पायरी, आणि ते शक्य आहे. लोक तसं जगतात.

आत बनाबाई स्टुलावर बसली होती, हिरव्या लुगड्याचा पदर डोक्यावर, आणि तिचा नवरा धोंडीबा दाराशी टोपी हातात घेऊन. सहा आठवडे ही दोघं हॉस्पिटलमागच्या धर्मशाळेत स्टोव्हवर भाकरी करून राहिली होती. धोंडीबाने मेंढरं मेव्हण्याकडे सोडली होती आणि रोज लाईट झाली की तो मेंढरांची आठवण काढायचा. भार्गवीला पाहून बनाबाईचा चेहरा उजळला. तपासणी आत्ताच झाली होती. सुमंत सर पेन फिरवत होते.

"या मॅडम. बघा, कातडी. जवळजवळ काहीच नाही," ते म्हणाले.

"माज्या नणंदंला मिरजंला दिलती लाईट," बनाबाई म्हणाली. "तिची पाठ न् पोट असं करपलं, भाकरी तव्यावर इसरल्यागत. मी तर लय भ्याले हुते. पर तुमी बाई, लय हलकी लाईट दिलीसा. मला कळलीच न्हाई बगा."

धोंडीबाने दाराशी हसून सांगितलं की ही गावात सगळ्यांना तेच सांगत सुटलीय, सांगलीची बाई हाताची हलकी हाय म्हणून. बनाबाई त्याच्याकडे वळून म्हणाली, "आवं, खरं ते सांगाय नगं व्हय?" आणि पुन्हा भार्गवीकडे पाहून, आवाज उतरवून, तिने विचारलं, "गेलं न्हवं बाई समदं?"

हा प्रश्न ती सुमंत सरांना विचारत नव्हती. तपासणाऱ्या डॉक्टरांपेक्षा रोज तळघरात आपल्याला टेबलावर नीट झोपवणारी, अंगावर शाईच्या खुणा करणारी, दार लावण्याआधी हलू नका म्हणणारी बाईच तिच्या हिशेबी जाणकार होती. भार्गवीने कार्ड टेबलावर ठेवलं. सरांनी ते ओढून घेतलं आणि लिहायला लागले. ते मोठ्याने म्हणत लिहीत, म्हणून ती ऐकत होती, गाठ आकसलीय, किंचित शिल्लक वाटते, पण तीही विरेल, तीन महिन्यांनी दाखवा. किंचित. आटपाडीची एसटी दोनला होती. धोंडीबाने टोपी डोक्यावर चढवली आणि पिशवी उचलली. पिशवीतून स्टोव्हचा पाय बाहेर आला होता. धर्मशाळेत ठेवलेला स्टोव्ह ते आज घेऊन चालले होते, आता तो इथे लागणार नव्हता.

भार्गवीच्या कानात रक्ताचा आवाज येत होता, नियमित, मोजता येईल असा. तिला दिसलं की आत्ता काहीही न बोलणं किती सोपं आहे. तोंड मिटलेलंच आहे. दार उघडेल, ती दोघं जातील, ती जिना उतरेल, उद्या बारावा दिवस असेल. सप्टेंबरात बनाबाई येईल किंवा येणार नाही. आली नाही तर कार्डावर कोणीतरी तारीख घालून एक रेघ मारेल, आणि ती तारीख बरोबर असेल. शंभरातल्या काही जणींची गाठ परततेच. पूर्ण लाईट मिळूनही परतते. कोणत्या परतीला साडेनऊ टक्के जबाबदार हे जगातला कोणताही मापक सांगू शकणार नाही. हेच तिला अकरा दिवस धीर देत आलं होतं, हे तिला आता कळलं, आणि कळताच तो धीर तिला घाण वाटला. बनाबाई अजून तिच्या तोंडाकडे बघत होती. उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून ती उठली नव्हती. सरांनी कार्ड मिटलं आणि धोंडीबाला म्हणाले, निघा आता, गाडी चुकेल.

"सर, त्यांना पाठवू नका," भार्गवी म्हणाली. सरांनी वर पाहिलं. पेन थांबलं. तिचा आवाज कापत होता आणि तिने तो सावरण्याचा प्रयत्न केला नाही. ती स्टुलाजवळ जाऊन बनाबाईच्या समोर उभी राहिली, कारण प्रश्न तिने विचारला होता. "मावशी, तुम्हाला लाईट हलकी लागली, कारण ती कमी दिली गेली. चूक माझी आहे. कॉम्प्युटरची तारीख मी रोज मागे घेत होते. सर, सहा टक्क्यांहून जास्त कमी पडलेली अशी एक्केचाळीस माणसं आहेत, यादी माझ्याकडे तयार आहे. त्यातल्या नऊ जणांना अजून देता येईल. मी सगळ्यांना परत बोलावणार आहे, आजपासून, आणि मावशी, पहिल्या तुम्ही."